कायुसच्या काखेतली खिडकी

रुदावा, ३ नोव्हेंबर

सदनिका क्रमांक बाराच्या मालकीणबाई यांस,

सदनिकाधारक संघाच्या वतीने कळवण्यात येते की, आपल्या इमारतीच्या पूर्वेकडील भिंतीवर तीन वर्षांपूर्वी लावलेला, बास्केटबॉलपटू श्री. कायुस नोर्बुतास यांचे चित्र असलेला पाच मजली जाळीचा फलक उतरवावा किंवा कसे, यासाठी लेखी मतदान घेण्यात येत आहे. मतपत्रिका सोबत जोडली आहे. 'उतरवावा' किंवा 'उतरवू नये' यांपैकी एका चौकटीत खूण करून, सही करून ती परत पाठवावी, ही विनंती.

इथपर्यंतचा मजकूर परदेशातल्या सतराही मालकांना गेला आहे. खालचा फक्त तुला, इंद्रे.

तू मला फोनवर बंद करून ठेवलंस त्याला सात वर्षं झाली. नोंदणी टपाल मात्र कुणाला बंद करता येत नाही. अध्यक्षपदाचा मला झालेला हा एकमेव फायदा.

कायुस गेला. जुलैत त्याने काउनासच्या मोठ्या संघाशी करार केला. गाडीने दीड तासाचा रस्ता, पण गावाची तोंडं बघशील तर वाटेल पोरगा चंद्रावर गेला आणि जाताना नदी गुंडाळून घेऊन गेला. बेकरीत 'कायुस' नावाचा खसखशीचा पाव मिळायचा. अजून मिळतो, पण त्याला नाव उरलेलं नाही, बोट दाखवून मागावा लागतो. तळमजल्यावरचा रेमिगियुस, आपल्या गावच्या बास्केटबॉल संघाचा ढोलवाला, तुला आठवत असेल. त्याच्या ढोलाच्या कातड्यावर कायुसची सही होती. त्याने ढोल उलटा केला आणि आता दुसऱ्या बाजूने बडवतो. आवाज जरा बसका येतो, पण म्हणतो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

फलक तू पाहिलेला नाहीस. वर्णन करते, कारण तो तुझ्याच खिडकीवर आहे. डाव्या हाताने कायुस पाचव्या मजल्याच्याही वर चेंडू कड्यात कोंबतोय आणि उजव्या हातात केफिरच्या आंबट दुधाने काठोकाठ भरलेला पेला आहे. थेंब सांडत नाही. जाहिरात दुग्धशाळेची, तेव्हा शंका विचारायच्या नाहीत. पूर्वेला प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराची एक खिडकी आहे. त्या पाचही त्याच्याखाली गेल्या. जाळीला भोकं आहेत, आतून सगळं दिसेल, असं लावणारे म्हणाले होते. दिसतं. चाळणीतून जेवढं दिसावं तेवढं दिसतं. रेमिगियुस बुटामागे राहतो. मी तिसऱ्या मजल्यावर, डाव्या काखेत. दिवसा दिवा लावून बटाटे सोलते.

गावाला तो आता डोळ्यांसमोर नको आहे. दुग्धशाळेच्या वकिलाचं म्हणणं असं की, मालकांच्या बहुमताने रीतसर ठरलं तरच उतरवू. त्यांना घाई नाही. केफिर पूर्वीपेक्षा जास्त खपतंय, लोक दातओठ खात पितात.

सदनिका चाळीस, मतं हवीत एकवीस. इथे राहणाऱ्या तेवीस मालकांपैकी वीस 'उतरवावा' म्हणाले. दोन बहिणी नको म्हणतात, जाळीने वारा अडतो म्हणून. तिसरे काझिस आजोबा. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि सगळ्यालाच नको म्हणतात. म्हणजे परदेशातलं एक मत हवं.

तुझ्या बाबांनी जाताना घर तुझ्या नावावर केलं, त्यामुळे मी चाळीस घरांची अध्यक्ष आहे आणि माझं स्वतःचं मत एकही नाही. एका चौकटीत खूण आणि खाली सही, एवढंच काम आहे. आई म्हणून मागत नाहीये.

योलांता, अध्यक्ष


रुदावा, २५ नोव्हेंबर

इंद्रे,

पोचपावती आली. तिच्यावर कुणा हान्सेनची सही आहे. हान्सेन कोण, हे विचारण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही.

बाकीच्या सोळांची उत्तरं आली. सोळाच्या सोळा 'उतरवू नये'. नळ गळतो म्हणून पत्र पाठवलं तर सहा सहा महिने ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांनी या वेळी परतीच्या टपालाने उत्तरं धाडली, काहींनी तर समासातही लिहिलं आहे. स्टाव्हांगरचा वेल्डर लिहितो, "पोराला जगू द्या, बाई." डब्लिनहून सदनिका एकतीसच्या बाई लिहितात, "आम्ही गेलो तेव्हा आमचं चित्र कुठल्या भिंतीवरून काढलं होतंत? आमचं तर लावलंच नव्हतं." आणि बर्गेनहून पाउलियुस, म्हणजे आपल्या रेमिगियुसचाच मुलगा, त्याने लिहिलं आहे, "बाबांना सांगा, ढोल सुलटा करा."

ते पत्र घेऊन मी खाली गेले. रेमिगियुस दारातच मोजे वाळत घालत होता.

"शिकलंय पोरगं तिथे जाऊन," तो म्हणाला.

"तुमचंही गेलंच की, रेमिगियुस. मग याच्यावरच राग का?"

"पाउलियुस कामाला गेला. इथे काम नव्हतं त्याला. तीन वर्षं शोधलं, तुम्हीच नाही का बघितलंत? कायुसला होतं. आम्ही दोन हजार माणसं दर शनिवारी जाऊन बसायचो, पावसात, बर्फात, हरत असताना. ते काम नाही तर काय होतं? आम्ही त्याचं काम होतो, बाई."

तो मोजे वाळत घालत राहिला. तिन्ही जोड्या संघाच्या नारिंगी रंगाच्या.

"आणि रोज सकाळी उठलो की बूट तोंडावर," तो म्हणाला. "चेहरा तरी असता."

आता एक तांत्रिक बाब. वकील नव्या मतपत्रिकांवरच्या सह्या तीन वर्षांपूर्वीच्या सह्यांशी ताडून बघणार आहे. तेव्हा फलक लावायच्या वेळीही मतदान झालं होतं आणि सदनिका बाराचं मत 'लावावा' असं नोंदलेलं आहे. तेव्हाची तुझी सही जराशी वेगळी होती. सोबतच्या चिठ्ठीवर नमुना काढून दिला आहे. पहिलं अक्षर मोठं, मधली एकमेकांना चिकटलेली, शेवटची शेपूट डावीकडे वळवायची. कोऱ्या कागदावर दोन-तीनदा सराव कर. फार विचार करू नकोस.

योलांता


रुदावा, २६ डिसेंबर

इंद्रे,

तुझं उत्तर नाही. तुझ्या मासळी कारखान्यात हंगाम असेल, असं मी लोकांना सांगते. नाताळात मासे जास्त लागतात, ते पटतंही.

चोवीस तारखेच्या जेवणाचे बाराच्या बारा पदार्थ केले. एका माणसाला बारा पदार्थ करायचे तर हेरिंग मासळीची कसोटी लागते. पाच प्रकार तिचेच झाले. सहावा करायला घेतला तेवढ्यात दार वाजलं. दानुते होती, कायुसची आई, दुसऱ्या जिन्यावरची. हातात खसखशीच्या दुधाचं भांडं. "तो स्पेनला आहे, सामना आहे," म्हणाली. "मी म्हटलं, तूही एकटीच असशील."

तिला आत घेतलं. शाळेच्या भोजनघरात तीस वर्षं वाढणारी बाई ती. या गावातली निम्मी माणसं तिच्या पळीवर मोठी झाली, आणि आता दुकानात तिच्यामागे रांगेत उभी राहिली की पावांच्या मांडणीकडे बघत बसतात. मीही दोनदा बघितलं आहे. पावांकडे.

न आलेल्या माणसासाठी एक ताट मांडतात ना, ते आम्ही दोघींत मिळून एकच मांडलं. कुणासाठी, ते बोललो नाही.

मी विचारलं, "तू 'उतरवावा'वर खूण कशी केलीस गं? तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच. पाऊस आला की त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. बाजारात जाताना वर बघायचं, भिजलेला दिसतो. घरी येऊन फोन करायचा, तर हसत असतो. कोणता खरा धरू?"

"जाताना त्याला अडवलं नाहीस?"

"त्याने विचारलं कुठे, सांगितलं. मी म्हटलं, गरम मोजे घेतलेस का. दुसरं काय म्हणायचं असतं?"

मी हेरिंग पुढे सरकवली.

दुसरं काय म्हणायचं असतं, ते मी तुला बसथांब्यावर म्हटलं होतं, अख्ख्या गावादेखत. जा, आणि परत यायची गरज नाही. जुलैपासून गाव कायुसला हेच म्हणतंय, शब्दसुद्धा तेच. मीही सामन्याला त्यांच्यात बसून ओरडले होते आणि ओरडताना मला वाटलं, हे वाक्य पाठ आहे आपलं. बोललेलं एक झालं. लिहिलेलंही आहे. ते जुनं पत्र. तो विषय आज नको.

दानुते जाताना म्हणाली, "तू अजून हंगामाची दोन तिकिटं घेतेस, खरं का?"

"कोट ठेवायला जागा लागते," मी म्हटलं.

हो, घेते. सहावी रांग, तुझी खुर्ची. सात वर्षं तिच्यावर माझा कोट बसतो. कोटाने एकही सामना चुकवलेला नाही.

योलांता


रुदावा, ३० जानेवारी

इंद्रे,

सकाळी नऊला उजाडतं, चारला संपतं, आणि मधलं जे असतं ते मला चाळून मिळतं. गोठून जाळी पत्र्यासारखी ताठ झाली आहे. वारा आला की कायुस करकरतो. घरात दुसरा आवाज नाही, त्यामुळे कधी कधी मी त्याच्याशी बोलते. "पेला खाली ठेव रे," म्हणते. "हात भरून आला असेल."

कायुसचा संघ पंधरा फेब्रुवारीला इथे खेळायला येतोय. त्याच्या आत फलक उतरायला हवा, असं रेमिगियुसचं म्हणणं. नाहीतर बस याच रस्त्याने येणार आणि तो स्वतःला पाच मजली बघणार. "वाटेल त्याला, अजून पूजा करतायत," म्हणतो. आज तो टेबलाशी येऊन बसला, टोपी न काढता.

"एकच मत ना?"

"एकच."

"आणि तुमच्या पोरीचंच."

"तिचंच."

"मग करून टाका की सही. मागच्या वेळी केलीत तशी. त्या वकिलाला काय, जुळली म्हणजे झालं. तुमची तुमच्याशी जुळणारच."

आता तुला सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी फलक लावायला पंधरा मतं पडली होती, सहा कमी होती. जे परदेशी त्यांच्या सह्या अध्यक्ष करतात, ही आपल्याकडची रीत. जिन्याच्या रंगाला केल्या, नळांना केल्या, छपराला केल्या. सगळे म्हणाले, कर गं, ते काय विचारायला येतायत. मी सहा केल्या. पाच जणांच्या करताना हात अडखळला, एक सही झोकात आली, कारण तिचा मला सराव होता.

फलकासाठी केल्या, कारण कायुस आपल्याच अंगणात वाढलेला, आणि मला वाटलं, एक तरी पोर भिंतीला खिळून राहील.

सराव कुठून आला ते तुला माहीत आहे. नॉर्वेतल्या ओलेसुंदच्या मासळी कारखान्याने तुला मार्चमध्ये बोलावलं होतं. 'घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही, क्षमस्व' असं उत्तर मी लिहिलं आणि खाली तुझी सही केली. शेपूट डावीकडे. तू दोन महिने वाट बघितलीस, मग तिकडे फोन केलास, आणि त्या बाईने तुला तुझंच पत्र वाचून दाखवलं. तू स्वयंपाकघरात आलीस तेव्हा मी बटाटे सोलत होते. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू मला विचारलंस, "आई, माझी सही कशी असते, ते तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, "आहे की." तू मान हलवलीस आणि सामान बांधायला गेलीस.

रेमिगियुस गेल्यावर मी मतपत्रिका भरली. 'उतरवावा'. सही केली. हुबेहूब आली. साखरेच्या डब्याखाली ठेवली आहे, सोमवारी वकिलाकडे द्यायची.

आणखी एक वाट आहे, तीही सांगून टाकते. मागच्या सह्या खोट्या होत्या असं मी उठून सांगितलं, तर फलकाला परवानगीच नव्हती असं ठरतं. मग ना एकवीस मतं लागतात, ना तू. दुसऱ्या दिवशी उतरवतील. इतकी सरळ वाट दारासमोरून जाते आणि नोव्हेंबरपासून मी खिडकीला दोष देतेय.

योलांता


रुदावा, १६ फेब्रुवारी

इंद्रे,

सोमवारी मी वकिलाकडे गेले नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. रेमिगियुसला सांगितलं सर्दी झाली आहे. तो म्हणाला, "सही काय नाकाने करायची होती?"

तेव्हा काल कायुसची बस कायुसखालून गेली. त्याने वर बघितलं का, यावर सकाळपासून दूध आणायला आलेल्या बायकांत दोन तट पडले आहेत.

रेमिगियुसने बेत असा केला होता की, निवेदकाने कायुसचं नाव घेतलं की ढोल तीनदा वाजेल आणि सगळ्यांनी उठून मिनिटभर पाठ फिरवायची. शिव्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. नुसत्या पाठी. त्याने आठवडाभर घरोघरी जाऊन समजावलं होतं. बेत चांगला होता, कुणीच नाही म्हटलं नाही. मीही नाही.

नाव घेतलं. ढोल बसक्या आवाजात तीनदा वाजला. आम्ही उठलो आणि फिरलो.

पाठ फिरवली की माणसाचं तोंड कुणाकडे होतं, याचा विचार मात्र रेमिगियुसने केला नव्हता.

आमच्या बाजूला सगळ्यात वरच्या रांगेत, भिंतीला टेकून, दानुते बसली होती. एकटी. डावीउजवीकडच्या खुर्च्या लोकांनी आपणहून मोकळ्या सोडलेल्या. गळ्यात आपल्या संघाचा नारिंगी मफलर, जो ती पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून घालते. आठशे माणसांची तोंडं एकदम तिच्याकडे झाली. ती आमच्याकडे बघत नव्हती. मान डावीकडे वाकवून, मग उजवीकडे वाकवून, आमच्यामधून खाली मैदानात बघायची धडपड चालली होती तिची.

मिनिट फार लांब असतं, इंद्रे.

मग ती म्हणाली, "बसा ना जरा. मला दिसत नाहीये."

रागाने नाही. भोजनघरात 'रांगेत या, सगळ्यांना मिळेल' म्हणायची, अगदी त्या आवाजात. आणि आठशे माणसं बसली. पन्नाशीची, पोट सुटलेली, दोन नगरसेवक, मुख्याध्यापक, सगळी. गुमान. उलटी बसता येत नाही म्हणून वळली आणि बसली, आणि वळल्यावर समोर कायुस उभा होता, काउनासच्या हिरव्या पोशाखात, कान लाल झालेले. समोरच्या बाजूची माणसं बिचारी पूर्ण मिनिट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आपण दोन गुणांनी हरलो. चोवीस त्याने एकट्याने केले. तिसऱ्या सत्रात त्याने कोपऱ्यातून उडी मारून, हवेतच हात बदलून एक चेंडू टाकला. इथे टाकायचा तसाच. माझ्या टाळ्या वाजल्या. भान आल्यावर हात गारठल्यासारखे चोळले. आजूबाजूला बघितलं तर बरेच जण हात चोळत होते. सभागृहात हीटर जोरात सुरू होते.

बाहेर आल्यावर पाहिलं तर दानुते बसच्या दाराशी उभी होती आणि तो वाकून तिचं ऐकत होता. दोन मीटर चार सेंटिमीटरचं पोर, पार दुमडून. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मी जवळ गेले नाही. माझ्या हातावर एक रिकामा कोट होता.

घरी येऊन साखरेचा डबा उचलला. मतपत्रिका फाडली. मग बसून सभेची नोटीस लिहिली. पाच मार्च, तळघरात, सायकलींच्या खोलीत. विषय: अध्यक्षांचं निवेदन.

योलांता


रुदावा, ९ मार्च

इंद्रे,

सांगितलं.

वकील आला होता. तेवीस घरांतली माणसं सायकलींच्या मधे मधे उभी होती. मी सहाही सदनिकांचे क्रमांक वाचले, बारा शेवटी. म्हटलं, या सह्या माझ्या आहेत. मला वाटलं होतं छत कोसळेल.

"त्यात काय?" बहिणींपैकी थोरली म्हणाली. "आम्हाला माहीतच होतं."

"मी विरोधात," काझिस आजोबा म्हणाले.

"कशाच्या?"

"जे काय चाललंय त्याच्या."

वकिलाचा चेहरा मात्र त्याच्या केफिरसारखा झाला. शुक्रवारी माणसं आली आणि दुपारपर्यंत कायुस गवतावर पडला होता. अंगणात मावत नव्हता, पाय रस्त्यावर गेले. गुंडाळायला बारा जण लागले. दानुतेला विचारलं, हवा का. ती म्हणाली, "माझ्याकडे खरा आहे." शेवटी रेमिगियुसने बूट कापून घेतला. बटाट्यांवर टाकायला, म्हणाला, आणि कुणी हसायच्या आत आत गेला.

उजेड आला आहे. स्वयंपाकघर किती मळलं होतं ते आता दिसतं. समोर नदी नाही, मला वाटायचं दिसेल. समोरच्या इमारतीची भिंत आहे आणि तिच्यावर काहीच नाही.

त्याच सभेत मी राजीनामा दिला होता. आता ऐक. अध्यक्षांचा राजीनामा मंजूर करायलाही एकवीस मतं लागतात. आधी कुणी तयारच होईना. "तुमच्या जागी कोण?" म्हणाले आणि सगळे सायकलींच्या घंटा तपासायला लागले. तासभर भांडले मी. मग माझी दया येऊन वीस जणांनी 'मंजूर' लिहून दिलं. बहिणींनी नाही म्हटलं, त्यांना नवं माणूस आवडत नाही. आजोबांचं तुला माहीतच आहे.

"एकच कमी," रेमिगियुस म्हणाला. "इंद्रेची करून टाका, सुटाल."

सगळे हसले. मनापासून हसले, वाईट हेतू नव्हता कुणाचा. मी पेन खिशात टाकलं.

बाकीच्या सोळांनाही आज पत्रं टाकली आहेत. ते काय लिहितील ते आत्ताच सांगते. तुम्हीच राहा, बाई, तुम्ही आहात म्हणून घरून एखादं पत्र तरी येतं.

म्हणजे पुन्हा तुझ्याच दाराशी आले. सोबत मतपत्रिका आहे. दोन चौकटी आहेत, 'मंजूर' आणि 'नामंजूर'. नमुना जोडलेला नाही. हवी तिथे खूण कर. नाही केलीस तर मी इथेच आहे, चाळीस घरांच्या किल्ल्या घेऊन. केलीस तरी जाणार कुठे, घर तुझं आहे. ते तुला विकायचं असेल तर तसंही लिही, मी तुझ्या वतीने काही ठरवणार नाही.

या पत्राखाली मी सही करत नाही. पुष्कळ केल्या आजवर. तू कर, आणि तुझी कर. सात वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस ते मी रोज मनात घोळवलं आहे. नाही, इंद्रे. कशी असते ते मला माहीत नाही.